रक्तात विषाणू नाही, पाठीतल्या पाण्यात आहे: हे कसं काय?

अबोली_नगर

नमस्कार. सात वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ एचआयव्हीसह जगतो. २००९ पासून एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीवरच्या औषधांचं केंद्र) गोळ्या चालू आहेत. मधे पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, तेव्हा दुसऱ्या फळीच्या सुरू केल्या. त्यालाही आता सहा वर्षं झाली. गोळी चुकवत नाही. रात्री नऊचा गजर वाजला की तराजू हातात असला तरी आधी गोळी घेतो. त्याचं किराणा दुकान आहे.

गेल्या दिवाळीपासून हिशोब चुकायला लागला. उधारीच्या वहीत एकाच गिऱ्हाइकाचं एकच सामान तीनदा लिहिलेलं. मग दुकानाची पायरी उतरताना पाय अडखळायला लागला. बोलणं कमी झालं. वहिनी म्हणाली, डोक्यात काहीतरी काळजी असेल. दोनदा डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही वेळा उत्तर एकच: व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' (सापडला नाही), प्रतिकारशक्तीच्या सीडी फोर पेशी ६१०, तब्येत उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका. आम्ही पेढे वाटल्यासारखे आनंदाने घरी आलो आणि त्यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

तिसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला कॉरिडॉरमध्ये वीस पावलं चालायला लावलं आणि एमआरआय सांगितला. मग पाठीतलं पाणी काढलं. त्याच दिवशी रक्तही घेतलं होतं. रक्तात विषाणू सापडला नाही. पाण्यात एका मिलिलिटरला ३,४०० कॉपीज, म्हणजे विषाणूच्या प्रती.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूकडचा विषाणू आणि रक्तातला विषाणू आता एकसारखे राहिलेले नाहीत." बाहेर रांग होती, जास्त विचारता आलं नाही. एकाच माणसाच्या शरीरात एकच विषाणू दोन प्रकारचा कसा होतो? कुणी नीट समजावून सांगेल का?

तळजाई

ताई, वाचून वाईट वाटलं. पण नमुन्यांची अदलाबदल वगैरे झाली नसेल ना? रक्त तर सगळ्या शरीरात फिरतं. तिथे नाही आणि पाठीत आहे, हे पटायला जड जातंय.

पेशीपुराण

अबोली, तुमच्या भावासाठी मनापासून शुभेच्छा. मी अकरा वर्षं विषाणूंचं सीक्वेन्सिंग करते, म्हणजे त्यांचा जनुकीय मजकूर अक्षर-अक्षर वाचते. हाच माझा रोजचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

तळजाई, शंका रास्त आहे, पण असं खरंच होतं. त्याला डॉक्टर 'सीएसएफ एस्केप' म्हणतात. सीएसएफ म्हणजे मेंदू आणि कण्याभोवतीचं पाणी. ते एका वेळी जेमतेम दीडशे मिलिलिटर असतं.

एचआयव्हीची सगळी माहिती सुमारे ९,७०० अक्षरांची. पेशीत शिरल्यावर तो त्या मजकुराची नक्कल करतो. पण नक्कल करणारं त्याचं एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, लिहिलेलं तपासून बघत नाही. दर तीन-चार नकलांमागे एखादं अक्षर बदलतं. उपचार नसताना दिवसाला हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात, म्हणजे किती बदल होत असतील बघा. म्हणून 'माझा एचआयव्ही' असं एकवचनात बोलताच येत नाही. प्रत्येकाच्या अंगात एक मोठं, सतत बदलणारं गणगोत असतं.

हे गणगोत मेंदूत फार लवकर पोचतं. बँकॉकमध्ये अगदी ताजी लागण झालेल्यांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लागणीनंतर अंदाजे आठव्याच दिवशी एकाच्या पाठीच्या पाण्यात विषाणू मिळाला. रक्तातून मेंदूत सहजी काही जाऊ नये म्हणून आपल्याकडे एक बांध आहे. विषाणू एकटा तो क्वचितच ओलांडतो, लागण झालेल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात बसून तो आत जातो. सुरुवातीला रक्तातला आणि पाण्यातला विषाणू बहुतेकांत सारखाच असतो, कारण ये-जा चालू असते. काहींच्या बाबतीत मात्र तो आतल्या पेशींत बस्तान बसवतो, तिथेच वाढतो, आणि बाहेरच्या गणगोताशी त्याचा संबंध तुटतो.

तंजावरची मराठी ऐकली आहे का कुणी? साडेतीनशे वर्षांपूर्वी भोसल्यांबरोबर इथून गेलेली माणसं. भाषा आपलीच, पण तिथल्या वाऱ्यापाण्यात वाढून ती आता पुण्या-साताऱ्याची राहिलेली नाही. मेंदूतल्या विषाणूचं तसंच आहे, फक्त शतकांऐवजी महिने-वर्षं लागतात.

टी पेशी, म्हणजे एचआयव्ही एरवी ज्यांत वाढतो त्या पांढऱ्या पेशी, मेंदूत फारशा नसतात. तिथे असतात मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, आणि रक्तवाहिन्यांलगतचे मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. विषाणू पेशीला चिकटतो ते सीडी फोर नावाच्या कडीला. टी पेशीवर या कड्या भरपूर असतात, मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लियावर मोजक्याच. म्हणजे मेंदूत टिकायचं तर कमी कड्यांवरही पकड बसली पाहिजे. ही पकड विषाणूच्या वेष्टणातल्या प्रथिनाची असते. म्हणूनच रक्त आणि मेंदू यांतला सगळ्यात ठळक फरक या वेष्टणाच्या जनुकात, 'एन्व्ह'मध्ये, दिसतो.

हे फार आधीच लक्षात आलं होतं. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी एकाच रुग्णाचे दोन नमुने तपासले, एक पाठीच्या पाण्यातला आणि एक मेंदूच्या पुढच्या भागातला. त्यांतून वाढवलेल्या विषाणूंना नावं पडली जेआर-सीएसएफ आणि जेआर-एफएल. मेंदूतला जेआर-एफएल मॅक्रोफेजमध्ये झकास वाढला, पाण्यातल्याला ते जमेना. माणूस एकच होता. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत हे दोन विषाणू वापरात आहेत. माझ्या फ्रीझरमध्ये जेआर-एफएलचं जनुक असलेली नळी आहे. ती हातात घेताना दर वेळी मला त्या अनोळखी रुग्णाची आठवण येते.

जेवायला बोलावतायत. पुढचं उद्या लिहिते.

तळजाई

तंजावरच्या उदाहरणाने एकदम कळलं, धन्यवाद. पण दोन गणगोतं वेगळी झाली हे तुम्ही ठरवता कसं? नळीत तर सगळे मिसळलेलेच असणार.

पेशीपुराण

नेमका प्रश्न विचारलात. नमुना तसाच सीक्वेन्सिंगला लावला तर हजारो विषाणूंची सरासरी हाती येते. शिवाय पीसीआरमध्ये, म्हणजे जनुकांच्या नकला वाढवताना, दोन विषाणूंचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन प्रत्यक्षात नसलेला तिसराच तयार होऊ शकतो. म्हणून आम्ही नमुना पातळ करत जातो. ९६ खळग्यांची प्लेट असते. इतकं पातळ करायचं की जेमतेम २८-२९ खळग्यांत काहीतरी उगवावं आणि बाकीचे रिकामे राहावेत. तसं झालं की उगवलेल्या बहुतेक खळग्यांत एकेकच विषाणू होता, असं गणिताने म्हणता येतं. मग प्रत्येक खळग्याचं वेगळं सीक्वेन्सिंग.

नंतर त्यांचा वंशवृक्ष काढायचा. मी रक्तातल्यांना लाल रंग देते, पाण्यातल्यांना निळा. काही रुग्णांच्या झाडावर लाल-निळं सगळं मिसळलेलं असतं, गौरीच्या हळदीकुंकवाच्या ताटासारखं. काहींच्या झाडावर निळ्याची एक अख्खी फांदी वेगळी निघते आणि तिच्यावर एकही लाल ठिपका नसतो. स्क्रीनवर ते झाड उमटतं तेव्हा काही समजावून सांगावंच लागत नाही. अर्थात नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही. लाल-निळ्याची चिठ्ठ्यांसारखी हजारो वेळा अदलाबदल करून बघतो, इतकी वेगळी फांदी निव्वळ योगायोगाने येते का ते.

अशी वेगळी फांदी ज्यांच्या स्मृतीवर, हालचालींवर परिणाम झालाय त्यांच्यात जास्त आढळते. पण फांदी वेगळी म्हणजे आजार आहेच, असं उलट म्हणता येत नाही.

अजून एक. वेगळ्या फांद्याही दोन तऱ्हेच्या निघाल्या. काहींत पाण्यात पांढऱ्या पेशी खूप असतात आणि विषाणू टी पेशीवरच जगणारा असतो. गोळ्या सुरू केल्यावर तो रक्तातल्यासारखाच भराभर खाली येतो. काहींत पांढऱ्या पेशी कमी आणि विषाणू मॅक्रोफेजची सवय झालेला. तो सावकाश उतरतो. लागण झालेली, विषाणू तयार करणारी टी पेशी दोन-एक दिवसांत मरते, मायक्रोग्लिया वर्षानुवर्षं जगतात. सावकाश उतरणं म्हणजे तो अशा दीर्घायुषी पेशींतून येत असल्याची खूण.

निरगुडी

माफ करा, पण मला हा धागा वाचून भीती वाटते. आमच्या भागात मी गोळ्यांचा पाठपुरावा करायचं काम करतो. "रिपोर्ट चांगला आला तरी डोक्यात विषाणू असतोच" एवढं अर्धं वाक्य गावात पोचलं, तर लोक म्हणतील मग गोळ्या कशाला खायच्या. एका माणसाने असंच काहीतरी ऐकून गोळ्या सोडल्या होत्या. आठ महिन्यांत त्याला मेंदूज्वराने नेला. त्याच्या घरी मीच गेलो होतो. कृपा करून जपून लिहा.

जुनीसिस्टर

निरगुडी, तुमचं बरोबर आहे, पण गप्प बसणं हा त्यावरचा उपाय नाही. मी निवृत्त परिचारिका आहे, शेवटची नऊ वर्षं समुपदेशनाचं काम केलं. गोळ्या सोडल्या तर रक्तातही विषाणू वाढणार आणि मेंदूतही, हे लोकांना सांगितलं की कळतं. १९९६ च्या आधी, एकत्र औषधं नव्हती तेव्हा, एड्समुळे येणारं बुद्धिभ्रंशाचं दुखणं किती दिसायचं! गोळ्यांनी ते जवळजवळ नाहीसं केलंय. राहिले ते सौम्य प्रकार. ते डोळ्यांत भरत नाहीत आणि निसटतात. अबोलीच्या भावाचं तेच झालं.

ते ओळखायला एक साधी परीक्षा आहे, यंत्र लागत नाही. पाच मिनिटांत होते. आधी चार शब्द सांगायचे आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे. मग अंगठा आणि तर्जनी पाच सेकंदांत जमेल तितक्या वेळा एकमेकांवर टेकवायची. मग टेबलावर हात: मूठ, तळवा, हाताची कड. मूठ, तळवा, कड. दहा सेकंद, जमेल तितकं भरभर. शेवटी ते चार शब्द विचारायचे. प्रत्येक भागाला ४ गुण, एकूण १२. शब्द आपोआप आठवला तर एक गुण, "भाजी होती" अशी खूण दिल्यावर आठवला तर अर्धा. १० किंवा कमी आले तर पुढची तपासणी करायची. आजार ठरवण्याची ही परीक्षा नव्हे, दार वाजवण्याची आहे.

मी मराठीत गवार, टोपी, कुत्रा, लाल असे शब्द वापरायचे. शेतकरी, ड्रायव्हर, धुणंभांडी करणाऱ्या बायका, कुणालाच अवघड गेलं नाही. मूठ-तळवा-कड करताना मात्र काही जण मध्येच थांबून हाताकडे बघत राहायचे. ते बघताना पोटात कालवायचं.

मज्जातंतू

मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. इथे कुणाच्या गोळ्या बदलणार नाही, तसं विचारूही नका. चार गोष्टी मात्र सांगतो.

पाठीत सुई घालायची म्हटलं की घरचे घाबरतात, "लकवा होईल" म्हणतात. सुई जिथे घालतो तिथे कण्यात मज्जारज्जू नसतोच, तो वरच संपलेला असतो. रुग्णाने कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं.

गोळ्या व्यवस्थित चालू असलेल्या ज्या रुग्णांचं पाणी अभ्यासांत तपासलं गेलं, त्यांच्यापैकी साधारण शंभरात पाच ते दहा जणांच्या पाण्यात रक्तापेक्षा जास्त विषाणू मिळतो. बहुतेकांत तो अगदी थोडा असतो आणि त्रास काही नसतो. अबोलीच्या भावासारखी लक्षणं देणारा प्रकार त्याहून विरळ. म्हणून सरसकट सगळ्यांचं पाणी काढायला नको. रक्त चांगलं असूनही चाल, बोलणं, स्मरण बिघडत चाललं असेल, तर मात्र काढायला हवं. पुण्यातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण २०१८ साली प्रसिद्ध केले आहेत. तेव्हा हा परदेशातला दुर्मीळ किस्सा समजू नका.

कारणं एकापेक्षा जास्त असतात. काही औषधं बांध ओलांडून मेंदूत कमी जातात. रिटोनाविरच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या काही दुसऱ्या फळीच्या गोळ्यांवर हा प्रकार जास्त आढळलाय. आत औषध अपुरं आणि विषाणू वाढतोय, अशा ठिकाणी रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, तयार होतो. तो रक्तात दिसत नाही कारण तिथे औषध पुरेसं आहे. म्हणून पाण्यातल्या विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे असे जनुकीय बदल शोधणारी तपासणी, वेगळा करावा लागतो. अबोली, तो केला आहे का? आणि आधी क्षय, क्रिप्टोकॉकस ही बुरशी, सिफिलिस नाही ना, हे बघितलंय ना? आपल्याकडे मेंदूच्या क्षयाला विसरून चालत नाही. दुसऱ्या एखाद्या संसर्गाने पांढऱ्या पेशी पाण्यात गोळा झाल्या, तरी विषाणू तात्पुरता वर येतो.

अबोली_नगर

सगळ्यांचे खूप आभार. पेशीपुराण, तुमचे दोन्ही प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. निळी फांदी त्याला लगेच कळली.

डॉक्टर, क्षयाची तपासणी झाली, नाही निघाला. बाकीचेही रिपोर्ट चांगले आहेत. जीनोटाइप काल आला. त्यावर 'एम १८४ व्ही' असं लिहिलंय. गोळ्या बदलल्या आहेत.

एक विचारायचं होतं, वहिनीसमोर विचारता आलं नाही. तिची तपासणी दर वेळी निगेटिव्ह येते. पण आता आत विषाणू आहे म्हटल्यावर तिला धोका आहे का?

मज्जातंतू

नाही. रक्तात विषाणू सापडत नसेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. याचा मोठा युरोपीय अभ्यास 'पार्टनर'. त्याचा दुसरा भाग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि औषधांवर विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण होती शून्य. पाठीच्या पाण्यातला विषाणू त्या वाटेने बाहेर येत नाही. रक्ताची तपासणी मात्र वेळेवर करत राहा. वहिनींना हे आजच सांगा.

एम १८४ व्ही म्हणजे लॅमिव्हुडिन या औषधाला दाद न देणारा बदल. फार नेहमीचा आहे, त्यावर मार्ग निघतो.

डर्बनवासी

मूळचा मिरजेचा, बारा वर्षं दक्षिण आफ्रिकेत आहे, याच क्षेत्रात. एक भर घालतो, कारण भारतात एके काळी एक गोड समज होता.

आपल्याकडे आणि इथेही एचआयव्हीचा 'सी' प्रकार आहे. युरोप-अमेरिकेत 'बी', आणि मेंदूवरचं जुनं संशोधन बहुतेक त्याच्यावरचं. भारतात बुद्धिभ्रंशाचे रुग्ण कमी नोंदले जायचे. बंगळुरूच्या संशोधकांनी २००४ साली एक कारण सुचवलं. विषाणूच्या 'टॅट' प्रथिनात ३१ व्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं, ते आपल्याकडच्या सी प्रकारात बहुधा सेरीन असतं. त्यामुळे मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना ओढून घेण्याची टॅटची ताकद कमी होते. संशोधन उत्तम होतं. पण त्यावरून लोकांनी "भारतीय विषाणू मेंदूला सौम्य" असं ठरवून टाकलं. पुढे चेन्नईत आणि पुण्यात नीट मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या, तेव्हा आपल्या रुग्णांतही स्मरण आणि वेग कमी झालेला आढळलाच. आणि इकडच्या, आफ्रिकेतल्या, सी प्रकारात ते सिस्टीन जास्त वेळा शाबूत सापडतं. नाव एक, वागणूक दोन.

मलावीतल्या लहान मुलांचा अभ्यास २०१२ साली आला, तिथेही सी प्रकारच. काही मुलांत पाण्यातली फांदी तीन वर्षांच्या आतच वेगळी झाली होती. ज्या वयात मेंदू घडतो त्याच वयात. मला त्या मुलांची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण हिशोब चुकतो हे ती सांगू शकत नाहीत.

निरगुडी

डॉक्टर आणि सिस्टर, तुमचं वाचून माझं म्हणणं मागे घेतो. मूठ-तळवा-कड उद्यापासून घरभेटीत करून बघणार आहे.

मावळतीचं_ऊन

चोवीस वर्षं एचआयव्हीसह जगते आहे. वय ५८. कधीकधी नावं आठवत नाहीत, ते वयामुळे की याच्यामुळे, असा प्रश्न मनात असतोच. उद्या सिस्टरांची परीक्षा लेकीकडून करून घेणार.

जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा कुणी काढू शकत नाही, मग मेंदूत खरंच काय आहे हे कळतं कसं?

पेशीपुराण

ताई, देणाऱ्यांमुळे कळतं. सॅन डिएगोत २०१७ पासून एक प्रकल्प चालतो, त्याचं नाव मराठीत 'शेवटची भेट' होईल. एचआयव्हीसह जगणारी माणसं दुसऱ्या एखाद्या असाध्य आजाराने आयुष्याच्या शेवटाला आलेली असतात. ती जिवंतपणी रक्त देतात, संशोधकांशी बोलतात, आणि मृत्यूनंतर काही तासांतच देहाच्या अनेक भागांतून नमुने घेऊ देतात, मेंदूतूनसुद्धा. गोळ्यांनी रक्त वर्षानुवर्षं स्वच्छ राहिलेल्यांच्या मेंदूतही विषाणूची जनुकं शिल्लक असतात, हे अशा देणग्यांमुळेच पक्कं झालं. मायक्रोग्लियातून तो पुन्हा वाढू शकतो, हेही २०२३ साली दाखवलं गेलं. उद्या कुणी 'रोग मुळापासून बरा झाला' म्हणेल तेव्हा त्याला मेंदूचं उत्तर द्यावंच लागेल. एचआयव्हीतून बरा झालेल्या लंडनच्या रुग्णाची बातमी खरी मानताना म्हणूनच त्याच्या पाठीचं पाणीही तपासलं होतं.

पाठीचं पाणी म्हणजे मेंदू नव्हे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. मेंदूच्या दोन भागांतल्या विषाणूंतही फरक सापडतो. पाणी ही जिवंत माणसात आपल्याला उघडता येणारी एकच खिडकी आहे.

अबोली_नगर

साडेतीन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

दुसऱ्यांदा पाणी काढलं. कॉपीज ३,४०० होत्या, आता ५० च्या खाली. पाय अजून थोडा घासतो, जिन्यावर कठडा धरावा लागतो. डॉक्टर म्हणाले, झालेलं सगळं भरून येईलच असं नाही, पण पुढचं थांबेल. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचंय.

सिस्टर, तुमची परीक्षा घरी घेतली. पहिल्यांदा १२ पैकी ६ आले होते, या रविवारी साडेनऊ. गवार आठवेना. "भाजी होती" म्हटल्यावर आठवली, म्हणून अर्धाच गुण दिला. तो म्हणाला, दुकानात आहे तरी आठवली नाही. सेंटरच्या ताईंना मी मूठ, तळवा, कड एका कागदावर काढून दिलंय. त्यांनी तो वजनकाट्याच्या वर भिंतीला चिकटवलाय.